एमआरआय सेंटर पारखायचं तर दारापासून: सांगली-मिरजेतल्या सेवेचा आढावा

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एमआरआय’ लिहून दिलं की घरात पहिला प्रश्न हमखास येतो, “मशीन कुठली चांगली?” मग कुणी तीन टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) नाव घेतं, कुणी नुकत्याच उघडलेल्या सेंटरचं. मशीनची चौकशी जरूर करावी, पण त्याआधी एक गोष्ट बघायला हवी: आत सोडण्याआधी तिथं तुम्हाला नीट विचारतात का, आणि तुम्ही सांगितलेलं ऐकून घेतात का? एमआरआयचं चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा अर्धवट तयारीमुळे, हललेल्या पायामुळे आणि चिठ्ठीवर न लिहिलेल्या माहितीमुळे. लोखंड ओढलं जाऊन होणारे अपघात तर दारावरच्या चुकीनेच होतात.

दवाखान्यांच्या बाबतीत मिरजेचं नाव जुनं. डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचं. त्यामुळे जत, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा आणि पलीकडे कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीपर्यंतचे रुग्ण इथं येतात. हा आढावा कुठल्या एका सेंटरचा नाही, सांगली, विश्रामबाग आणि मिरज मिळून जी सेवा मिळते तिचा आहे. थोडक्यात मत सांगायचं तर स्कॅन काढण्याचं काम इथं चांगलं होतं. टेक्निशियनचा हात बसलेला असतो आणि मिरजेत कन्नड समजणारं कुणीतरी काउंटरवर बहुतेक सापडतं. गुण कापायला लागतात ते कागदावर आणि बोलण्यावर. इंग्रजीत छापलेला प्रश्नांचा फॉर्म समोर सरकवायचा, “इथं सही करा” म्हणायचं आणि म्हातारीचा अंगठा उठवून घ्यायचा, हे अजूनही चालतं. आणि नेमका हाच कागद सगळ्यात महत्त्वाचा असतो.

निघण्याआधी फोन करा. वेळ घ्यायला तर कराच, पण वेळ मिळाल्यावर त्या दिवशी सकाळी पुन्हा करा, विशेषतः एस.टी.नं लांबून येणार असाल तर. “मशीन बंद आहे” हे उत्तर ऐकून परत जाणारे लोक उन्हाळ्यात जास्त दिसतात, आणि त्याला कारण आहे. एमआरआयचं चुंबक म्हणजे नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं. ते द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशाला ठेवतात, म्हणजे त्यातून वीज विनाअडथळा फिरत राहते. ही थंडी टिकवणारी यंत्रणा आणि मशीनचे बाकीचे तापणारे भाग यांना चोवीस तास गार पाणी लागतं. ते देतो चिलर. एप्रिल-मे महिन्यात बाहेरची हवाच तापलेली असते, चिलर ट्रिप होतो आणि काम थांबतं. वीज गेली तर यूपीएस आणि जनरेटरवर सगळं येतं, मध्येच झटका बसला तर चालू स्कॅन वाया जातो. यात सेंटरचा दोष दरवेळी नसतो. पण मशीन बंद असल्याचं सकाळी सातला माहीत असून अकराच्या रुग्णाला कळवत नाहीत, तिथं दोष सेंटरचाच.

फोनवर आणखी तीन गोष्टी विचारा: उपाशी यायचं का, रक्ताचा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारा) रिपोर्ट लागेल का, आणि शरीरात काही बसवलेलं असेल तर त्याचे कागद आणायचे का. डोकं, मान, कंबर, गुडघा यांच्या साध्या स्कॅनला उपाशी राहायची गरज नसते. जेवून या, नेहमीच्या गोळ्या घेऊन या. पित्तनलिकेच्या एमआरसीपीला मात्र ४ ते ६ तास पोट रिकामं लागतं, कारण जठर-आतड्यातलं पाणी चित्रात पांढरं येऊन नलिका झाकतं. मधुमेहाच्या माणसाला उपाशी बोलावलं असेल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या आणि इन्सुलिनचं काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारा. दुपारी दोनपर्यंत उपाशी बसवून साखर उतरवण्यात काही अर्थ नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचून घ्या. नुसतं ‘कंबर’ एवढंच असेल तर ते पुरत नाही. कुठला भाग, डावा की उजवा, त्रास किती दिवसांचा, आधी ऑपरेशन झालंय का, आणि डॉक्टर नेमकं काय शोधतायत, एवढं असेल तर टेक्निशियन त्याप्रमाणे प्रोटोकॉल, म्हणजे कुठली चित्रं कशी काढायची ते, लावतो. उजव्या पायात कळ जाते हे लिहिलेलं असेल तर रेडिओलॉजिस्ट उजव्या बाजूची प्रत्येक नस शोधून बघतो. कंबरेच्या ऑपरेशननंतरचा स्कॅन असेल आणि ते कुणी लिहिलंच नसेल, तर कॉन्ट्रास्टशिवाय (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधाशिवाय) चित्र काढलं जातं आणि जुना व्रण की दोन मणक्यांमधली पुन्हा सरकलेली गादी हे ठरत नाही. मग पुन्हा फेरी, पुन्हा पैसे. ही चिठ्ठीवरची एक ओळ डॉक्टरांकडून लिहून घेण्याचा आग्रह धरायला संकोच करू नका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण इथं वेळ जातो आणि माणूस जातो. बोलता बोलता तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, जीभ अडखळायला लागली, तर एमआरआयचा नंबर लावत बसायचं नाही. थेट अशा हॉस्पिटलात जायचं जिथं सीटी आणि लकव्याचा उपचार दोन्ही आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आधी रक्तस्राव नाही ना हे सीटी दोन-चार मिनिटांत दाखवतो. एमआरआय कधी करायचा ते तिथले डॉक्टर ठरवतील.

आता दार. चांगल्या सेंटरमध्ये तुम्हाला दोनदा विचारतात, एकदा काउंटरवर कागदावर आणि एकदा आतल्या दाराशी टेक्निशियन तोंडी. पेसमेकर आहे का? मेंदूच्या रक्तवाहिनीला क्लिप लावलीय का? कानात कॉक्लियर इम्प्लांट? हृदयात स्टेंट किंवा झडप? हाडात प्लेट, रॉड, सांधा? अंगात छर्रा किंवा गोळी? बाईमाणसाला पाळी चुकलीय का, कॉपर-टी आहे का? प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. जुने पेसमेकर चुंबकात बिघडू शकतात. नव्यांपैकी बरेच ‘एमआरआय कंडिशनल’ असतात, पण त्यांना आधी प्रोग्रामर नावाच्या यंत्रानं वेगळ्या मोडवर न्यावं लागतं, स्कॅन चालू असताना ठोके बघावे लागतात, नंतर परत पूर्ववत करावं लागतं. त्यासाठी पेसमेकरचं कार्ड आणि हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी हवी. स्टेंट आणि टायटॅनियमच्या प्लेटा बहुतेक वेळा अडचणीच्या नसतात, तरी स्टेंटचं कार्ड घरच्या फाइलमधून शोधून आणलेलं बरं. मेंदूतल्या जुन्या क्लिपबाबत कागद नसेल तर चांगला टेक्निशियन स्कॅन करायला नकार देतो. त्याच्याशी भांडू नका, तो तुमचा जीव वाचवतोय.

या यादीतला एक प्रश्न आपल्या भागात सगळ्यात जास्त वेळा विचारायचा राहून जातो: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? कुपवाड आणि मिरजेची एमआयडीसी, पलूस-किर्लोस्करवाडीचा पट्टा, गावोगावची वेल्डिंगची दुकानं. लेथवर, ग्राइंडरवर आयुष्य काढलेली माणसं इथं घरोघरी आहेत. वीस वर्षांपूर्वी डोळ्यात किस गेला, दोन दिवस डोळा लाल झाला, मग थांबलं. माणूस विसरला, पण कण आत राहिलेला असू शकतो. तो लोखंडी असेल तर एवढ्या ताकदीच्या चुंबकात जागचा हलू शकतो आणि दृष्टी जाऊ शकते. शंका आली तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढून बघतात. पाच मिनिटांचं काम आहे. ग्राइंडरवर काम केलेलं असेल तर कुणी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा. आणि सेंटर पारखायचं असेल तर हाच प्रश्न ते विचारतात का ते बघा. याहून चांगली कसोटी नाही.

पुढं कपडे आणि धातू. बहुतेक ठिकाणी गाऊन देतात, तो घालाच. नऊवारी-सहावारी नेसलेल्या बायकांची खरी अडचण दागिन्यांची नसते. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चमकी काढायला सांगतात आणि त्या काढतात. राहून जाते ती सेफ्टी पिन. खांद्यावरची पिन दिसते म्हणून निघते. निऱ्यांना आतून लावलेली, परकराच्या नाडीजवळ अडकवलेली, ब्लाउजचं तुटलेलं हूक सांधायला आतल्या बाजूनं टोचलेली आणि मंगळसूत्रात सवडीला अडकवून ठेवलेली पिन कुणाच्या लक्षात येत नाही. ती पोलादी असते, म्हणजे ओढली जाते. शिवाय कंबरेच्या स्कॅनमध्ये नेमक्या मणक्यावर काळा खड्डा पाडते. अंबाड्यातले आकडे आणि गजऱ्याची पिन यांचंही तसंच. पुरुषांकडे करदोडा, गळ्यातला ताईत, खिशातली चुन्याची डबी, किल्ल्या, मोबाइल. एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटतात. एटीएम कार्डावरची काळी पट्टी पुसली जाते. श्रवणयंत्र आणि काढता येणारी कवळी बाहेर ठेवायची. बसवलेल्या कॅप चालतात, पण दाताला तारा असतील तर चेहऱ्याजवळचं चित्र वाकडं येतं. टिकली चालते, जाड काजळ-मस्कारा धुऊन टाका, त्यात लोहाचा अंश असू शकतो. औषधाची पट्टी अंगावर चिकटवलेली असेल तर सांगा, काहींच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो आणि तो तापतो.

सोनं चुंबकाला चिकटत नाही हे विटा-आटपाडीकडच्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांना सांगायला नको. तरी ते काढायचं, कारण या मशीनमध्ये ओढणारं चुंबक आहे तशाच रेडिओ लहरीही आहेत. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये त्या सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या असतात. वीज वाहून नेणाऱ्या कुठल्याही कड्यात त्या उष्णता निर्माण करू शकतात. अंगठी बोटातून निघत नसेल, साबण लावूनही, तर टेक्निशियनला दाखवा. न दाखवता मूठ मिटून आत जाऊ नका. लांबून येणाऱ्यांनी तर दागिने घरीच ठेवून यावं. कपडे बदलायच्या खोलीतल्या लॉकरची किल्ली नातेवाइकाकडे द्यायची, एवढं करूनही मन दागिन्यांत राहिलं तर माणूस आत स्थिर पडत नाही.

आणि नातेवाइकांसाठी: हे चुंबक कधीच बंद नसतं. स्कॅन चालू नसताना, लाइट बंद असताना, रात्रीही नाही. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक मशीनकडे ओढला गेला आणि दगावला. म्हणून साधी व्हीलचेअर, लोखंडी स्ट्रेचर, सलाइनचा स्टँड, वॉकर, काठी, काहीही त्या दाराच्या आत नेऊ नका, कुणी घाईत “चला चला, आणा” म्हटलं तरी. चांगल्या सेंटरमध्ये रुग्णाला दाराबाहेरच बिनलोखंडी ट्रॉलीवर घेतात. आत सोबत थांबणाऱ्या आईची किंवा मुलाचीही रुग्णाइतकीच झडती घेतात. जिथं घेत नाहीत तिथं रुग्णाला नेऊ नये, हे स्पष्टच लिहितो.

आत गेल्यावर टेबलावर निजवतात आणि ज्या भागाचं चित्र हवं त्यावर कॉइल बसवतात. डोक्याला पिंजऱ्यासारखी, तिच्यावर कधी आरसा असतो, त्यातून पायाकडचं दिसतं. गुडघ्याला नळकांड्यासारखी, पोटावर चादरीसारखी. कंबरेची टेबलातच असते. ही कॉइल म्हणजे शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनकडून येणारा क्षीण संकेत पकडणारी अँटेना. ती त्या भागाला जितकी लगत तितकं चित्र स्वच्छ. हातात रबरी फुगा देतात. दाबला की बाहेर घंटा वाजते. फुगा दिला नाही तर मागून घ्या, आणि आत जाण्याआधी एकदा दाबून बाहेर आवाज येतो का बघा. कानात बोळे किंवा हेडफोन हवेतच, कारण आवाज शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो. दोन्ही बोळे नीट आत बसले नाहीत तर तक्रार करा, स्कॅन सुरू झाल्यावर बोळा सरकवायला हात उचलला की चित्र गेलं.

हात पोटावर एकमेकांत गुंफू नका, पायावर पाय टाकू नका. नमस्कार केल्यासारखे हात जोडून पडणारे म्हातारे बरेच असतात. कातडीला कातडी टेकून वर्तुळ झालं की त्यातून प्रवाह फिरतो आणि टेकल्या जागी भाजू शकतं. म्हणून हात बाजूला आणि बोगद्याच्या भिंतीला कोपर टेकत असेल तर मध्ये स्पंजची गादी. गाऊन घामानं ओला असेल तर बदलून घ्या. खोली गार असते, चादर मागितली तर देतात. अंग कुठं चटका बसल्यासारखं गरम लागलं तर सहन करायचं नाही, फुगा दाबायचा.

आवाज कसा असतो? एकच एक नसतो. आधी दूरवर पंप चालल्यासारखी चक-चक सतत चालू असते, ती थंडी टिकवणाऱ्या यंत्राची, स्कॅन नसतानाही. मग ठोकल्यासारखे टक-टक, मग ड्रिलसारखी घरघर, मग थोडी शांतता. प्रत्येक तुकडा दोन ते पाच मिनिटांचा. मेंदूच्या स्कॅनमध्ये डिफ्युजनचा एक तुकडा येतो, तेव्हा भोंग्यासारखा कर्कश आवाज होऊन टेबलही थरथरतं. घाबरायचं कारण नाही, तो थोड्याच वेळात संपतो आणि लकव्याचा ताजा डाग तोच दाखवतो. साधा डोक्याचा किंवा कंबरेचा स्कॅन २० ते ३० मिनिटं, गुडघ्याचा साधारण तेवढाच, कॉन्ट्रास्ट असेल तर १० ते १५ मिनिटं वाढतात. हे टेक्निशियननं प्रत्येक तुकड्याआधी “आता चार मिनिटांचा आहे, हलू नका” असं स्पीकरवर सांगितलं तर माणूस निम्मा सुखी होतो. काही ठिकाणी सांगतात. काही ठिकाणी अर्धा तास कुणी बोलतच नाही, आणि आतल्या माणसाला वाटतं, सगळे चहाला गेले.

हलू नका म्हणतात म्हणजे किती? मोबाइलच्या फोटोत हात हलला तर हातच पुसट येतो. एमआरआयमध्ये तसं नाही. एका तुकड्यातले सगळे संकेत जमा करून मग संपूर्ण चित्र गणितानं उभं राहतं, त्यामुळे तिसऱ्या मिनिटाला एकदा खोकलात तरी पूर्ण चित्रावर लाटा उठतात आणि तो तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. मानेच्या स्कॅनमध्ये आवंढा गिळणंसुद्धा बाधतं. दोन तुकड्यांच्या मधल्या शांततेत गिळा, खोका, नाक खाजवायचं असेल तर सांगून खाजवा, पण जागा बदलू नका. लघवीला आधीच जाऊन या. कंबर दुखत असल्यानं सरळ निजताच येत नाही अशांनी डॉक्टरांना विचारून तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यावी आणि गुडघ्याखाली उशी मागावी. उशीनं फार फरक पडतो.

पोटाच्या स्कॅनमध्ये श्वास धरायला लावतात, १५ ते २० सेकंद, आणि असं अनेकदा. इथं एक खटकणारी गोष्ट: मशीनमधला ध्वनिमुद्रित आवाज बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत असतो. कवठेमहांकाळच्या आजीला तो कळत नाही, ती भलत्या वेळी श्वास सोडते, चित्र बिघडतं, आणि “पेशंट ऐकत नाही” असा शेरा पडतो. तोच आवाज टेक्निशियनला मराठीत स्वतः देता येतो: “श्वास घ्या. सोडा. आता तिथंच धरा.” आत जाण्याआधी बाहेरच दोनदा सराव करून घेतला तर काम पहिल्या फेरीत होतं. हा सराव करून घेणारं सेंटर निवडा.

कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियमचं औषध, हाताच्या शिरेतून. मात्रा वजनावर: नेहमीच्या औषधाची किलोमागे ०.२ मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिली. काही औषधं दुप्पट तीव्रतेची असतात, त्यांची निम्मी. म्हणून वजन अंदाजानं सांगू नका, काट्यावर उभे राहा. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध शरीरातून लवकर निघत नाही, म्हणून क्रिएटिनिन बघतात. त्यावरून काढलेला जीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा आकडा, ३० च्या खाली असेल तर कुठलं औषध वापरायचं आणि वापरायचं का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. सुई टोचल्यावर हात गार पडल्यासारखा वाटणं किंवा क्षणभर मळमळणं नेहमीचं. टोचल्या जागी फुगून दुखायला लागलं तर औषध शिरेबाहेर चाललंय, लगेच सांगा. दमा असेल, आधी कुठल्या इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या असतील तर सुई लावण्याआधी सांगा. स्कॅन झाल्यावर सुई तशीच ठेवून १५-२० मिनिटं बसवून घेतात, ते बरोबर आहे, घाई करू नका. गरोदर बाईला हे औषध टाळतात. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध तोडायची सहसा गरज नसते.

बोगद्याची भीती वाटणं हा कुणाचा भित्रेपणा नाही. जुन्या मशीनचा बोगदा ६० सेंटीमीटर व्यासाचा, बऱ्याच नव्यांचा ७०. दहा सेंटीमीटरनं रुंद खांद्याच्या माणसाला खूपच फरक पडतो, म्हणून फोनवर हे विचारून घ्या. आत जाण्याआधीच डोळे मिटा, वर रुमाल ठेवायला सांगा. गुडघ्या-घोट्याच्या स्कॅनमध्ये पाय आधी जातात आणि डोकं बहुतेक बाहेरच राहतं, हे माहीत असलं तरी अर्धी भीती जाते. नातेवाइकाला आत उभं करून पायाला हात लावू देतात का, विचारा. एवढ्यानं भागत नसेल तर डॉक्टर सौम्य गोळी लिहून देतात, पण मग दुचाकी चालवत घरी जायचं नाही. लहान मुलांना भूल लागते. त्यासाठी भूलतज्ज्ञ हजर हवेत, ऑक्सिजन-नाडी दाखवणारा एमआरआयमध्ये चालणारा मॉनिटर हवा, आणि पोट रिकामं: जेवण किंवा वरचं दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, नुसतं पाणी २ तास. भूलतज्ज्ञ नाहीत, “आम्ही झोपेचं औषध पाजतो” एवढंच उत्तर मिळालं तर मूल घेऊन परत या.

टेस्लाचं म्हणाल तर कंबर, मान, गुडघा यांसाठी १.५ टेस्ला पुरेसं असतं. फिट येण्याचं मूळ शोधायचं, प्रोस्टेट किंवा मनगटासारखा बारीक सांधा बघायचा, तिथं ३ टेस्लाचा उपयोग दिसतो. शरीरात प्लेट-स्क्रू असतील तर ३ टेस्लामध्ये धातूभोवतीचं चित्र जास्त फाटतं, तिथं १.५ च बरं. उघडी मशीन घुसमटणाऱ्यांना सोयीची, पण तिचं चुंबक बरंच कमजोर असतं, वेळ जास्त आणि चित्र मऊ.

रिपोर्ट इंग्रजीत येतो आणि घरी पोहोचेपर्यंत मोबाइलवर चार जणांनी वाचलेला असतो. कंबरेच्या रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली, असं वाचून धसका घेऊ नका. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन बघितले तर विशीतल्या ३० टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत बल्ज सापडतो. आपल्याकडे सर्रास म्हणतात तो ‘मणक्यात गॅप’ही नेमका उलटा शब्द आहे: गादी सुकते, तेव्हा दोन मणक्यांमधली जागा कमी होते, वाढत नाही. चित्रात दिसतं ते आणि तुमच्या पायात जाणारी कळ, दोन्ही एकाच नसेशी जुळतात का, हे तपासूनच डॉक्टर ठरवतात. म्हणूनच साधी कंबरदुखी पहिल्या सहा आठवड्यांत असेल, तर एमआरआयची घाई नको. मात्र लघवी-संडासावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, ताप किंवा कर्करोगाचा इतिहास असेल, तर एक दिवसही थांबू नका.

पैशाचं बोलायचं तर आकडा एकच विचारू नका. साधा किती, कॉन्ट्रास्टचे वेगळे किती, भूल, रात्रीचा आकार, सीडी धरून की सोडून, सगळं आधी विचारा आणि छापील बिल घ्या. निदान सेवेवर जीएसटी नसतो, कुणी लावला तर विचारा. महात्मा जोतिराव फुले योजनेतून उपचार चालू असतील तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारल्याशिवाय बाहेर पैसे भरू नका. चिठ्ठीवर एका सेंटरचं नाव छापलेलं असलं तरी दुसरीकडे जायचा तुम्हाला हक्क आहे. रुग्ण पाठवण्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेणं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनीच मना आहे.

निघताना फिल्मबरोबर सीडी किंवा लिंक मागून घ्याच. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी, आणि ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला सगळी लागतात. काउंटरवरच्या संगणकात सीडी उघडते का, नाव, वय आणि बाजू बरोबर आहे का, तिथंच बघा. फिल्मची घडी घालू नका आणि उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे ठेवू नका, उष्णतेवर छापली जाणारी फिल्म तापली की काळवंडते. पुढच्या वेळी स्कॅनला जाताना हीच पिशवी सोबत न्या, काउंटरवर आपणहून द्या, आणि “जुन्याशी तुलना करून लिहा” एवढं सांगून मग आत जा.